वाचकांचे प्रश्न : ट्रान्स अभिनेत्री, तिची तालीम, तिचा आवाज

गेल्या अंकात चिलीची अभिनेत्री दानिएला वेगा हिच्यावर लेख आला. त्यावर सोलापूर शहर-जिल्ह्यातून इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. लेख ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : वेगा ही ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्मताना मुलगा अशी नोंद झालेली, पण स्त्री म्हणून जगणारी. तिची मुख्य भूमिका असलेल्या 'अ फँटॅस्टिक वुमन' या चित्रपटाला २०१८ साली परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. तिच्या देशात वर्षानुवर्षं अडकून पडलेला लिंगओळखीचा कायदा त्याच वर्षी मार्गी लागला. उत्तरं नाटकात काम करणाऱ्या आमच्या मंडळींनी मिळून दिली आहेत. पत्रलेखकांची नावं त्यांच्या इच्छेने छापलेली नाहीत.

लेखात सगळं ऑस्करबद्दलच होतं. त्याआधी ही बाई काय करत होती? एकदम नायिका झाली का?
— निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

एकदम काहीच झालं नाही, सर. आम्हाला तर ऑस्करच्या आधीची वर्षंच जास्त मोलाची वाटतात.

वेगाचा जन्म १९८९ सालचा, सांतियागो शहरातला. गाणं लहानपणापासून, तेही ऑपेराच्या वळणाचं. मोठी झाल्यावर पोटासाठी तिने केशकर्तनालयात काम केलं. रंगमंचावर तिचं नाव झालं ते २०११ च्या 'ला मुहेर मारिपोसा' या नाटकाने. एका ट्रान्स स्त्रीच्या आयुष्यावरचं हे नाटक सांतियागोत जवळपास पाच वर्षं चाललं आणि त्यात ती स्वतः गायची. तेच नाटक, तेच गाणं, पण रोजचा प्रेक्षक वेगळा. अशा प्रयोगांत नटाला दोन गोष्टी पक्क्या कळतात : श्वास कुठे घ्यायचा, आणि काहीही न करता उभं कसं राहायचं. २०१४ मध्ये 'ला विसिता' या चित्रपटात वडील गेल्यावर घरी परतलेल्या ट्रान्स मुलीची भूमिका तिने केली.

दिग्दर्शक सेबास्टियान लेलिओ तेव्हा बर्लिनला राहत होता. ट्रान्स स्त्रीची गोष्ट डोक्यात होती, म्हणून माहिती घ्यायला तो सांतियागोला आला आणि वेगाला भेटला. सुरुवातीला ती फक्त सल्लागार होती. संहिता आकाराला येता येता त्याच्या लक्षात आलं की ही भूमिका हिनेच करायला हवी.

चित्रपटातली मारीना दिवसा हॉटेलात वाढप करते, रात्री गाते. तिच्याहून वयाने बराच मोठा असलेला जोडीदार अचानक मरतो आणि त्याचे घरचे तिला अंत्यविधीच्या जवळपासही फिरकू देत नाहीत. दोन जागा नीट पाहा. एक, पोलीस तिचं ओळखपत्र हातात घेऊन चाळतो ती. कार्डावर जुनी ओळख आहे. वेगा आवाज चढवत नाही, रडत नाही. चेहरा आवरून धरते आणि तो आवरताना पडणारा ताण आपल्याला दिसतो. दुसरी जागा शेवटच्या गाण्याची. ती हँडेलच्या 'सेर्से' या ऑपेरातलं 'ओम्ब्रा माई फू' गाते. १७३८ साली लंडनला हे गाणं म्हणणाऱ्या सेर्से राजाची भूमिका काफारेल्ली या गायकाने केली होती. वयात येण्यापूर्वी खच्चीकरण करून ज्यांचा आवाज कोवळा ठेवला जाई, अशा गायकांपैकी तो एक. आज ही भूमिका कधी बायका गातात, कधी उंच पट्टीचे पुरुष गातात. मारीनाच्या गळ्याला यापेक्षा चपखल गाणं सापडलं नसतं, आणि वेगा ते उसना आवाज न घेता गाते.

४ मार्च २०१८ च्या ऑस्कर सोहळ्यात ती निवेदक म्हणून मंचावर आली. उघडपणे ट्रान्स असलेल्या व्यक्तीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. मायदेशी परतल्यावर तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेले यांनी चित्रपटाच्या चमूला राजवाड्यात बोलावलं आणि तिथेही वेगाने ओळखपत्राचाच विषय काढला. कायद्याचा मसुदा २०१३ पासून पडून होता. तो २०१८ मध्ये मंजूर झाला, डिसेंबर २०१९ मध्ये लागू झाला. चौदा वर्षांवरील व्यक्तीला कागदोपत्री नाव आणि लिंगनोंद बदलता येऊ लागली, अठराच्या आतल्यांना कोर्टामार्फत.

पुढे 'ला हाऊरिया' या मालिकेत तिने पोलीस अधिकाऱ्याची भूमिका केली. गोष्ट तपासाची आहे, तिच्या शरीराची नाही. लाल गालिच्यापेक्षा आम्हाला ही पायरी मोठी वाटते.

बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्याच की. मग पुरुष नटाने तृतीयपंथीयाची भूमिका केली तर बिघडलं कुठे? 'जोगवा', 'नटरंग' आपण डोक्यावर घेतलेच ना?
— वाचक, पंढरपूर

प्रश्न रास्त आहे, आणि याला सरसकट उत्तर देता येत नाही.

बालगंधर्व साडी नेसून उभे राहिले त्या काळात घरंदाज बाईला रंगमंचावर यायला मज्जाव होता. स्त्रिया येऊ लागल्या तशी ती प्रथा ओसरली. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक या स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या. १९३५ ला 'धर्मात्मा' चित्रपटात खुद्द बालगंधर्व संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले. नट थोर होता म्हणून काही नट्यांनी घरी बसावं असं कुणी म्हटलं नाही. आज ट्रान्स नट्या तालमीला यायला तयार आहेत, चांगलं कामही करतात. त्यांना डावलून त्यांचीच गोष्ट दुसऱ्याने करायची, तर त्याला कारण तसंच सबळ हवं.

'जोगवा' (२००९) आणि 'नटरंग' (२०१०) यांची बाब वेगळी आहे. 'जोगवा'तला तायप्पा हा देवीच्या नावाने जबरदस्तीने लुगडं नेसवलेला पुरुष. त्याची घुसमटच त्या जबरदस्तीची आहे आणि उपेंद्र लिमये यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. 'नटरंग'चा गुणा हा कलेपायी नाच्या झालेला पहिलवान. आपल्या सोलापूरच्या 'नाट्य आराधना'तून पुढे गेलेल्या अतुल कुलकर्णींनी त्यासाठी आधी शरीर कमावलं, मग उतरवलं. दोन्ही भूमिका पुरुषांच्या आहेत आणि पुरुषांनी केल्या.

आता कन्नडमधला 'नानू अवनल्ला अवळू' घ्या. लिव्हिंग स्माइल विद्या या ट्रान्स लेखिका-अभिनेत्रीच्या आत्मकथनावरचा हा चित्रपट. नायिकेची भूमिका संचारी विजय या पुरुष नटाने केली. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, रंगभूषेलाही मिळाला. काम उत्तम आहे, यात वाद नाही. पण विद्या स्वतः रंगभूमीवर काम करणारी बाई आहे. तिचं आयुष्य पडद्यावर पोचलं, तिच्यासारख्या नटीला मात्र काम मिळालं नाही. आमचं दुखणं नेमकं हे आहे.

आमची चाळीस मिनिटांची एकांकिका आहे. ट्रान्स स्त्रीचं चौदा ते पस्तीस वयाचं आयुष्य. मुख्य भूमिका शहरातलीच एक ट्रान्स मैत्रीण करते आहे. तिचं 'आधीचं' वय कुणी करायचं? आणि पहिल्या एन्ट्रीलाच हॉल हसतो, त्याचं काय?
— दिग्दर्शिका, सोलापूर

आधीच्या वयाला तीन वाटा आहेत. 'एमिलिया पेरेझ' (२०२४) या चित्रपटात कार्ला सोफिया गास्कोन या ट्रान्स अभिनेत्रीने आधीचा आणि नंतरचा, दोन्ही काळ स्वतः केले. 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक' मालिकेत लॅव्हर्न कॉक्स या ट्रान्स अभिनेत्रीच्या पात्राचं आधीचं रूप तिच्या जुळ्या भावाने केलं. वेगाच्या चित्रपटात आधीचा काळ दाखवलेलाच नाही. पहिल्या वाटेला भारी रंगभूषा आणि वेळ लागतो. शिवाय जे रूप अंगावरून उतरवायला उमेदीची वर्षं गेली ते रोज पुन्हा चढवायला लावणं नटीला जड जाऊ शकतं. तिला एकटीला गाठून, निवांत विचारा. सगळ्या ग्रुपसमोर विचारलंत तर ती हो म्हणेल आणि रंगीत तालमीला मोडून पडेल.

एकांकिकेला तिसरी वाट सोयीची. चौदाव्या वर्षासाठी वेगळा मुलगा उभा करण्यापेक्षा शाळेचा शर्ट हँगरला टांगा आणि आईची हाक विंगेतून येऊ द्या. नटी आहे त्याच साडीत त्या हाकेला ओ देते. प्रेक्षक जोडून घेतो. त्या हाकेत नटीचं स्वतःचं जुनं नाव मात्र चुकूनही वापरू नका.

हसण्याचं म्हणाल, तर लोक नटीला पाहून हसत नाहीत. ते तृतीयपंथीयांच्या ठरावीक चालीला आणि टाळीला हसतात, कारण सिनेमाने त्यांना तिथेच हसायची सवय लावली आहे. विंगेतून मध्यापर्यंत चालत येणारी एन्ट्री काढून टाका. पडदा उघडतो तेव्हा ती आधीपासून बसलेली असू द्या, प्रेक्षकांकडे तीन चतुर्थांश पाठ, आणि हाताला काम द्या. परातीत ज्वारीची भाकरी थापायला लावा. पीठ खरं, मळलेलं, कोमट पाण्यातलं. सुक्या पिठाचा नुसता अभिनय केलात तर हात खोटे दिसतात. भाकरी थापल्याचा आवाज वीस-तीस सेकंद नुसता चालू द्या. सोलापूरच्या प्रेक्षकाला तो आवाज घरचा आहे. तो ऐकता ऐकता हॉल शांत होतो. मग पहिलं वाक्य, तेही मान न वळवता. टाळी अख्ख्या एकांकिकेत एकदाच ठेवा, जिथे तिला राग येतो तिथे. दहा वेळा वाजली की ती ओळखपत्रासारखी होते आणि अकराव्या वेळी तिच्यात काही उरत नाही.

साडी फेडणं, विग ओढणं असले प्रसंग संहितेत असतील तर ते काढा. लेखकाने कितीही कळवळून लिहिले असले तरी हॉलमध्ये शिट्टीच येते.

रंगभूषा आणि आवाजाबद्दल नेमकं सांगाल का? दाढीची सावली स्टेजवर दिसते, आणि गाणं म्हणताना तिचा आवाज फाटतो.
— याच एकांकिकेच्या रंगभूषाकार

सातचा प्रयोग असेल तर दाढी साडेतीन-चारला करा. तोंड रंगवायला बसताना केली तर कातडी लाल होते, त्यावर पॅनस्टिक (चेहऱ्याला लावायचा रंगाचा घट्ट थर) बसत नाही आणि घामाने आग होते. सकाळी केली तर रात्री सावली परत येते. नवीन ब्लेड, केसाच्या दिशेने, मग गार पाणी आणि हलकं मॉइश्चरायझर. ते मुरू द्या.

सावली निळसर-राखाडी असते आणि तिला मारणारा रंग नारिंगी. नारिंगी करेक्टर फक्त सावलीवर घ्या : वरचा ओठ, हनुवटी, जबड्याखालचा पट्टा. बोटाने थोपटत लावा. घासला की तो सरकतो. त्यावर पावडर दाबून बसवा आणि मगच पॅनस्टिक, पातळ, मग पुन्हा पावडर. बहुतेकांचं इथेच चुकतं. नारिंगीवर पावडर न दाबता पॅनस्टिक फिरवलं की दोन्ही मिसळतात आणि हनुवटी वेगळ्याच रंगाची दिसते. नारिंगी जास्त झाला तर अंबर जिलेटीनखाली (दिव्यावर लावायच्या पिवळसर रंगीत कागदाखाली) खपून जातो, पांढऱ्या एलईडीखाली उघडा पडतो. म्हणून शेवटचा आरसा ग्रीनरूमचा नको. प्रयोगाची लाईट लावा आणि चौथ्या-पाचव्या रांगेतून पाहा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम येणारच. तो टिपकागदाने दाबून टिपायचा, पुसायचा नाही. तिने लेझर करून घेतलं असेल तर त्यानंतर किती दिवस रंग लावायचा नाही हे तिच्या डॉक्टरांना विचारा.

आवाजाबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. हार्मोन्स घेतल्याने ट्रान्स स्त्रीचा आवाज बारीक होत नाही. वयात येताना स्वरतंतू जाड झालेले असतात, ते पुन्हा पातळ होत नाहीत. आवाज कमवावा लागतो. फाटतो कारण ती खोट्या बारीक आवाजात गळ्यावर जोर देते. तो आवाज कुजबुजीला चालतो, ओरडण्याच्या वाक्याला निसटतो, आणि हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या हॉलमध्ये मागच्या रांगेला पोचतच नाही. बारीक करण्यापेक्षा आवाज पुढे आणा. ओठ मिटून 'म्' धरायचा, ओठांवर आणि नाकाच्या दांड्यावर थरथर जाणवली पाहिजे. मग 'म-मा-मी-मो', मग तीच थरथर राखून संवाद. सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. मध्ये पाणी. घसा दुखला की थांबायचं. घोगरेपणा दोन-तीन आठवडे राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं, काढा पीत बसायचं नाही.

गाण्यात चूक तुमच्या ट्रॅकची असणार. तयार ट्रॅक बहुधा बायकांच्या पट्टीत, म्हणजे पेटीवरच्या काळी चार-पाचला असतो. पुरुषांची पट्टी पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास. तिचा सूर मध्ये कुठेतरी असेल. पेटी घेऊन बसा, गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा, आणि तो लागोपाठ तीन वेळा न ताणता लागतो ती पट्टी धरा. काळी तीन निघाली तर काळी तीन. ट्रॅक त्या पट्टीत उतरवून घ्या, नाहीतर सरळ पेटी-ढोलकीवर गाऊ द्या. वेगाच्या गाण्यातही जादू हीच आहे की गाणं गळ्याच्या मापाचं निवडलं.

कॉलर माईक वापरणार असाल तर पदरापासून लांब, ब्लाऊजच्या गळ्याला मधोमध लावा आणि बोरमाळ काढा. मण्यांचा खुळखुळाट संवाद खातो.

ग्रीनरूममध्ये तिला कुठे बसवायचं? काही मुली कुरकुरतात.
— एक वाचक, अक्कलकोट रोड

बायकांच्या खोलीत. कुणालाच उघड्यावर कपडे बदलायला आवडत नाही, म्हणून एका कोपऱ्यात दोरी आणि चादर लावा. तो आडोसा सगळ्यांसाठी. कुरकुरणाऱ्या मुलींशी दिग्दर्शकाने पहिल्या आठवड्यातच बोलावं, प्रयोगाच्या दिवशी नको. पत्रिकेत आणि सूत्रसंचालकाच्या कागदावर नाव कसं हवं हे तिच्याकडून लिहून घ्या. मानधनाचा चेक मात्र बँकेच्या खात्यावरच्या नावाने निघतो आणि ते वेगळं असू शकतं. ते खजिनदाराने विचारावं, चारचौघांत नाही.

भारतात कुणाचं काम पाहावं?
— विद्यार्थिनी, बार्शी

मल्याळममध्ये 'अंतरम्' हा चित्रपट. त्यासाठी नेघा या ट्रान्स अभिनेत्रीला केरळ राज्य चित्रपट पुरस्कारांत खास पुरस्कार मिळाला. तमिळमध्ये 'पेरन्बु', त्यात मामुट्टींसमोर अंजली अमीर ही ट्रान्स अभिनेत्री आहे. मराठीत 'कारभारी लयभारी' या मालिकेत गंगा या ट्रान्स अभिनेत्रीचं काम आहे. आणि चित्रपटांच्या पलीकडे मंजम्मा जोगती. बळ्ळारीकडच्या या ट्रान्स कलावतीने जोगती नृत्य आणि यल्लम्माच्या कथेची नाटकं गावोगाव केली. २०१९ मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, २०२१ मध्ये पद्मश्री. सौंदत्तीला जाणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी घरांना डोक्यावरचा देवीचा जग आणि हातातली चौडकी हे तंतुवाद्य ठाऊक आहे. मंजम्मांचं काम पाहताना त्या ओळखीचा उपयोग होईल.

मी चोवीस वर्षांची आहे, पूर्व भागात राहते. बाजार मागायला, म्हणजे दुकानोदुकानी पैसे मागायला जाते. घरी तेलुगू. बारावी झाले आहे. नाटकात काम करायचं आहे, पण लोक फक्त नाचायला बोलावतात. सुरुवात कुठून करू?
— पत्रलेखिका, सोलापूर

ताई, नाचाला नाही म्हणू नका, पण प्रत्येक वेळी विचारा : संवाद असलेली भूमिका आहे का? दोन ओळींची चालेल, पण बोलणारी हवी.

आधी दोन उतारे पाठ करा, प्रत्येकी दोन मिनिटांचे. त्यातला एक तरी ट्रान्स असण्याबद्दलचा नको. एसटीची कंडक्टर, मुलाच्या शाळेत भांडायला आलेली आई, विडी कारखान्यातली मुकादम, काहीही घ्या. समोरच्याला कळलं पाहिजे की तुम्ही दुसरं माणूस उभं करू शकता. रोज वर्तमानपत्राचा एक स्तंभ मोठ्याने वाचा. 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' वेगळे ऐकू आले पाहिजेत. तेलुगू हेल मात्र मोडू नका. प्रमाण मराठी बोलता आली पाहिजे आणि हवा तेव्हा तो हेलही काढता आला पाहिजे. या शहरात असं बोलणारी पात्रं घरोघरी आहेत आणि रंगमंचावर फार कमी.

मग व्हिडिओ. फोन आडवा, छातीच्या उंचीवर टेकवलेला, पाच-सहा फुटांवर. पाठीमागे कोरी भिंत. उजेड खिडकीचा, तोंडावर येणारा. खिडकी पाठीशी असेल तर चेहरा काळा पडतो. सुरुवातीला नाव, उंची, गाव आणि येणाऱ्या भाषा सांगा. मराठी, तेलुगू, हिंदी आणि कन्नडही येत असेल तर ते भांडवल आहे, आवर्जून सांगा. पंखा बंद. आणि शेजारी यंत्रमाग असतील तर ते बंद असतानाच रेकॉर्ड करा. तो खडखडाट कुठल्याही ॲपने नीट निघत नाही आणि आवाज ऐकू न आलेला व्हिडिओ कुणी पुढे पाहत नाही.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी शहरातले हौशी संघ पावसाळा सरता सरता माणसं जमवू लागतात. तेव्हा व्हिडिओ पाठवून न थांबता तालमीला जाऊन भेटा. पहिल्याच भेटीत वेळेचं बोला : बाजाराचे दिवस कोणते, नवरात्रात आणि लग्नसराईत किती वाजता मोकळ्या होता, रात्री परतायची रिक्षा कोण देणार. हे आधी ठरलं नाही की तिसऱ्या आठवड्यात तालमी बुडतात आणि भूमिका दुसरीला जाते. तुम्ही ज्यांच्या चेल्या आहात त्या गुरूंना अंधारात ठेवू नका. त्यांना एकदा तालमीला घेऊन या आणि पुढच्या रांगेत खुर्ची द्या. संध्याकाळी तुम्ही कुठे असता हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की पुढची परवानगी सोपी होते.

ऑडिशनसाठी, कार्डासाठी, 'पोर्टफोलिओ'साठी कुणी आगाऊ पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. खरं काम देणारा पैसे मागत नाही. उतारे पाठ झाले की दोन्ही व्हिडिओ आमच्या संपादकीय पत्त्यावर पाठवा. पाहून, काय सुधारायचं ते लेखी कळवू.